गाझीपूर आणि बिन्ह दुओंग: दोन पगारचिठ्ठ्या शेजारी ठेवून

७ नोव्हेंबर २०२३ रोजी बांगलादेश सरकारने तयार कपड्यांच्या कारखान्यांतील सर्वांत खालच्या श्रेणीच्या कामगारासाठी महिना १२,५०० टका किमान वेतन जाहीर केले. कामगार संघटना २३,००० ते २५,००० मागत होत्या. मालकांचा पहिला प्रस्ताव १०,४०० चा होता. आधीचे दोन आठवडे गाझीपूर, आशुलिया आणि मीरपूरमध्ये कामगार रस्त्यावर उतरले होते, आणि त्या आंदोलनात चार कामगारांचा जीव गेला. या वादात व्हिएतनामचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. कामगारांची बाजू म्हणते, तिथला पगार दुप्पट आहे. मालक म्हणतात, तिथे एका माणसामागे कामही जास्त निघते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण एकही वाक्य जसेच्या तसे घेण्यासारखे नाही.

या प्रकरणात आपण एकच तुलना करू. ढाक्याजवळच्या गाझीपूरमधला हेल्पर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरच्या हाताखालचा कामगार, आणि हो ची मिन्ह शहराला लागून असलेल्या बिन्ह दुओंगमधला त्याच पातळीचा कामगार. (बिन्ह दुओंग प्रांत १ जुलै २०२५ पासून हो ची मिन्ह शहरातच विलीन झाला आहे, पण इथे घेतलेला काळ त्याआधीचा.) तुलनेचा महिना जुलै २०२४. त्या महिन्याच्या १ तारखेला व्हिएतनामचे नवे दर लागू झाले आणि बांगलादेशचे दर तेव्हा सातच महिने जुने होते. दोन्ही बाजूंना ताजे दर मिळतील असा महिना निवडणे महत्त्वाचे असते. बांगलादेशचा आकडा दरवाढीच्या आदल्या महिन्यातला आणि व्हिएतनामचा दरवाढीनंतरचा घेतला, तर हवा तो निष्कर्ष काढून दाखवता येतो. विनिमय दर आपण डॉलरला ११७.५ टका आणि २५,४५० डोंग धरले आहेत. त्या सुमाराला ते साधारण तेवढेच होते.

डॉलरमधला आकडा कुठे फसवतो

१२,५०० टका म्हणजे १०६ डॉलर. व्हिएतनामच्या पहिल्या विभागाचे किमान वेतन ४९ लाख ६० हजार डोंग, म्हणजे १९५ डॉलर. बातम्यांत येणारी तुलना बहुतेक वेळा इथेच थांबते: १०६ विरुद्ध १९५, जवळजवळ दुप्पट.

पण व्हिएतनाममध्ये किमान वेतनाचे चार विभाग आहेत. महाराष्ट्रातल्या परिमंडळांची सवय असलेल्या वाचकाला ही रचना लगेच समजेल. हनोई, हो ची मिन्ह शहर आणि बिन्ह दुओंगचा औद्योगिक पट्टा पहिल्या विभागात येतो. दुसऱ्या विभागाचा दर ४४ लाख १० हजार, तिसऱ्याचा ३८ लाख ६० हजार आणि चौथ्याचा ३४ लाख ५० हजार डोंग. चौथ्या विभागातले किमान वेतन १३६ डॉलरच भरते. शिलाईचे कारखाने गेल्या काही वर्षांत थान्ह होआ, न्घे आनसारख्या प्रांतांकडे सरकले, त्याचे एक मोठे कारण हा फरक आहे. म्हणजे त्याच देशातला दुसरा जिल्हा निवडला की फरक ८४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर येतो. बांगलादेशात या उद्योगाचा दर देशभर एकच आहे. त्यामुळे 'व्हिएतनामचा पगार' म्हणताना विभाग सांगितला नसेल, तर तो आकडा बाजूला ठेवावा.

दुसरी अडचण 'किमान' या पातळीचीच आहे. बांगलादेशात नवीन हेल्परच्या हातात किमान वेतनच पडते, आणि ऑपरेटर झाल्यावरही दोन श्रेणींत मोठे अंतर नसते. व्हिएतनाममध्ये शिलाई कामगाराचा पगार बहुधा पीस रेटवर, म्हणजे नगामागे ठरलेल्या दराने, निघतो. किमान वेतन तिथे तळाची हमी म्हणून आणि विम्याचा हप्ता मोजण्यासाठी वापरतात. टार्गेट गाठणाऱ्याची कमाई त्याच्या बरीच वर जाते. किमान वेतनाशी किमान वेतन ताडले, तर दोन देशांतले खरे अंतर कमीच दिसते. आपण इथे तरीही किमान पातळीच घेतली आहे, कारण तिचे घटक कायद्यात छापलेले आहेत आणि कोणालाही पडताळून पाहता येतात.

गाझीपूरची चिठ्ठी

१२,५०० टकाची फोड अशी: मूळ वेतन ६,७००, घरभाडे भत्ता ३,३५० (मूळ वेतनाच्या निम्मा), वैद्यकीय ७५०, प्रवास ४५०, जेवण १,२५०. कारखान्यांत हे उलट्या बाजूने मोजतात. एकूण पगारातून तीन ठरावीक भत्ते, म्हणजे २,४५०, वजा करायचे आणि उरलेल्या १०,०५० ला दीडने भागायचे. उत्तर ६,७००.

ही फोड हिशेबाच्या सोयीपुरती असती, तर एवढे खोलात जायचे कारण नव्हते. पण ओव्हरटाइम, सणाचा बोनस आणि वार्षिक वाढ हे सगळे मूळ वेतनावर बेतलेले आहे. बांगलादेश श्रम कायदा, २००६ चे कलम १०८ ओव्हरटाइमला दुप्पट दर देते. वाचताना तो उदार वाटतो. व्हिएतनामचा साध्या दिवसाचा दर दीडपट आहे. तुलनेच्या तक्त्यात '२००% विरुद्ध १५०%' असे लिहिलेले असते आणि वाचणारा बांगलादेशला एक गुण देऊन पुढे जातो.

आता हिशेब करू. महिन्याचे तास २६ गुणिले ८, म्हणजे २०८. मूळ वेतन भागिले २०८ हा तासाचा दर ३२.२१ टका. त्याची दुप्पट ६४.४२. हा ओव्हरटाइमचा एक तास. आणि साध्या तासाला कामगाराला प्रत्यक्षात किती मिळतात? १२,५०० भागिले २०८, म्हणजे ६०.१० टका. संध्याकाळी पाचनंतरचा, थकलेल्या अंगाने केलेला तास साध्या तासापेक्षा फक्त ७ टक्के महाग आहे. कायद्यातली दुप्पट चिठ्ठीवर येईपर्यंत १.०७ पट उरते.

आधीच्या दरपत्रकांना हेच लावून बघा. २०१८ च्या ८,००० टकांत मूळ वेतन ४,१०० होते. ओव्हरटाइमचा तास ३९.४२, साधा तास ३८.४६, म्हणजे अडीच टक्के जास्त. २०१३ च्या ५,३०० मध्ये मूळ वेतन ३,००० होते आणि तिथे हा फरक १३ टक्के निघतो. २०१३ मध्ये एकूण पगारात मूळ वेतनाचा वाटा ५६.६ टक्के होता, २०१८ मध्ये ५१.३ झाला, २०२३ मध्ये ५३.६. एकूण आकड्यावरून भांडण चालू असताना मूळ वेतनाचा वाटा घटला. आमच्या मते वेतन मंडळाच्या निर्णयांत सर्वांत कमी चर्चा झालेली आणि कामगाराला सर्वांत जास्त लागलेली बाब हीच आहे.

आपल्याकडच्या कारखाना अधिनियमातही (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) ओव्हरटाइम दुप्पटच होता, पण तो वेतनाच्या 'सामान्य दरा'च्या दुप्पट, आणि त्या दरात मूळ वेतनाबरोबर भत्तेही धरले जात. शब्द तोच, पाया वेगळा.

या चिठ्ठीत कपात जवळजवळ नसते. महसूल तिकिटाचे १० टका, बिनपगारी रजा असेल तर तिचे पैसे. भविष्यनिर्वाह निधी तेव्हा सक्तीचा नव्हता. खाजगी कारखान्यात तीन चतुर्थांश कामगारांनी लेखी मागितला तर तो सुरू करावा लागे, आणि अशी मागणी फारच थोड्या ठिकाणी होई. बऱ्याच कारखान्यांत हजेरी बोनस असतो. महिन्यात एक खाडा किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा उशीर झाला की तो पूर्ण जातो. तो कायद्यात नाही, म्हणून आपल्या हिशेबातही नाही.

बिन्ह दुओंगची चिठ्ठी

इथे ४९ लाख ६० हजार डोंगच्या खाली लगेच वजाबाकी सुरू होते: सामाजिक विमा ८ टक्के, आरोग्य विमा दीड टक्का, बेरोजगारी विमा १ टक्का. एकूण साडेदहा टक्के, ५,२०,८०० डोंग. मालक त्याच पगारावर वेगळे साडेएकवीस टक्के भरतो आणि शिवाय २ टक्के कामगार संघटना निधी.

ओव्हरटाइम कामगाराला त्या कामासाठी प्रत्यक्ष मिळणाऱ्या तासाच्या दरावर मोजतात: साध्या दिवशी १५० टक्के, साप्ताहिक सुट्टीला २००, सणाच्या सुट्टीला ३००. पहिल्या विभागाचा तासाचा किमान दर २३,८०० डोंग, म्हणून साध्या दिवसाचा ओव्हरटाइम तास ३५,७००. हा दीडपट म्हणजे खरोखर दीडपट.

इथेही पळवाट आहे. माध्यान्ह जेवण, पेट्रोल, घरभाडे, मुलांचा सांभाळ यांसाठीचे साहाय्य विम्याच्या आधाररकमेत धरले जात नाही. म्हणून कंपन्या करारातला पगार किमान वेतनाच्या जेमतेम वर ठेवतात आणि वाढ द्यायची तर ती भत्त्यांतून देतात. कामगाराच्या हातात आज बरे पैसे येतात, पण प्रसूती रजेचा भत्ता, बेरोजगारी भत्ता आणि निवृत्तिवेतन त्या लहान रकमेवर मोजले जाते. गाझीपूरला मूळ वेतन लहान ठेवून ओव्हरटाइम वाचवतात, बिन्ह दुओंगला करारातला पगार लहान ठेवून विमा वाचवतात. पगारचिठ्ठी तपासताना दोन्ही देशांत पहिला प्रश्न एकच विचारावा: कुठली रक्कम कुठल्या हिशेबाचा पाया आहे?

जेवणाचीही नोंद घ्यायला हवी. व्हिएतनामच्या मोठ्या कारखान्यांत दुपारचे जेवण बहुधा कारखानाच देतो आणि ते पगाराच्या आकड्यात दिसत नाही. गाझीपूरच्या १२,५०० मध्ये जेवणाचे १,२५० आधीच धरलेले आहेत. ताटाची किंमत २०,००० डोंग धरली, तर २६ दिवसांचे ५,२०,००० डोंग होतात, म्हणजे विम्याची कपात जवळजवळ भरून निघते. पुढच्या हिशेबात आपण हे जेवण धरलेले नाही, कारण ते सगळीकडे मिळत नाही.

एकाच तासांचा महिना

तास समान केल्याशिवाय पगाराची तुलना करू नये. व्हिएतनाममध्ये कपडे उद्योगाला वर्षाला ३०० तास ओव्हरटाइमची परवानगी आहे, म्हणजे सरासरी महिना २५ तास. बांगलादेशात आठवड्याची कमाल मर्यादा ६० तास आणि वर्षाची सरासरी ५६. ४८ तासांच्या वर आठवड्याला ८, वर्षाला सुमारे ४१६ तास. दोन्हीकडे २५ तास धरू.

गाझीपूर: १२,५०० अधिक ओव्हरटाइमचे १,६१०. हातात १४,११० टका, १२० डॉलर.
बिन्ह दुओंग: ४९,६०,००० अधिक ओव्हरटाइमचे ८,९२,५००, वजा विमा ५,२०,८००. हातात ५३,३१,७०० डोंग, साधारण २०९ डॉलर.

कागदावर १.८४ पट असलेला फरक हातात पडताना १.७४ पट होतो. आता मालकाच्या बाजूने बघू. गाझीपूरला वर्षाचे दोन सणबोनस, प्रत्येकी जास्तीत जास्त एक मूळ वेतन (सलग एक वर्ष नोकरी झालेल्याला), महिन्याला वाटून १,११७ टका. एकूण खर्च १५,२२७ टका, १३० डॉलर. बिन्ह दुओंगला मालकाचा विमा व संघटना निधी मिळून ११,६५,६०० डोंग आणि तेत या चांद्र नववर्षाच्या सणाचा एक पगार (कायद्याने सक्ती नाही, पण रूढ आहे) महिन्याला ४,१३,३००. एकूण सुमारे ७४ लाख ३१ हजार डोंग, २९२ डॉलर. मालकाच्या खिशातला फरक २.२५ पट आहे.

कामगाराच्या हातातला फरक कमी आणि मालकाच्या खर्चातला फरक जास्त, याचे कारण मधली रक्कम. मालक आणि कामगार मिळून भरलेला ३२ टक्के विमा दरमहा ६२ डॉलर होतो. गाझीपूरच्या अख्ख्या १०६ डॉलरच्या निम्म्याहून ही रक्कम मोठी आहे, आणि गाझीपूरच्या चिठ्ठीत तिच्या जागी काहीच नाही.

६२ डॉलरचे कामगाराला काय मिळते

सर्वांत स्पष्ट फरक बाळंतपणात दिसतो. बांगलादेशच्या २००६ च्या कायद्याने १६ आठवड्यांची पगारी रजा दिली, आठ आधी, आठ नंतर. अट सहा महिन्यांच्या नोकरीची. पैसे मालक स्वतःच्या खिशातून देतो. व्हिएतनाममध्ये रजा सहा महिन्यांची आहे, पैसे सामाजिक विम्याच्या निधीतून येतात आणि अट आधीच्या बारा महिन्यांत सहा महिने हप्ते भरलेले असण्याची. रजेच्या लांबीपेक्षा पैसे कोण देतो हे महत्त्वाचे आहे. मालकच देणार असेल, तर पोट दिसू लागलेली मुलगी त्याला खर्च वाटते. तिला जड मशीनवर टाकणे, रात्री उशिरापर्यंत थांबवणे, सहा महिने भरायच्या आत राजीनामा लिहून घेणे, हे सगळे त्यातून येते. निधीतून पैसे येत असतील, तर तिला काढून मालकाला फारसे वाचवता येत नाही. आपल्याकडे राज्य कामगार विमा योजनेत असलेली बाई आणि योजनेबाहेरची बाई यांच्यात नेमका हाच फरक पडतो.

अपघातातही तसेच. बांगलादेशच्या कायद्यात कामावर मृत्यू आला तर दोन लाख टका आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर अडीच लाख, अशी २०१८ च्या दुरुस्तीनंतरची एकरकमी भरपाई आहे. १२,५०० च्या पगाराने मोजले तर सोळा आणि वीस महिन्यांचे पैसे. राणा प्लाझा २४ एप्रिल २०१३ ला कोसळला आणि अकराशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा कायद्यातली मृत्यूची भरपाई एक लाख होती. त्या कुटुंबांना पुढे मिळालेले पैसे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या देखरेखीखाली उभारलेल्या वेगळ्या निधीतून द्यावे लागले. २०२२ मध्ये कपडे उद्योगात अपघात विम्याची पथदर्शी योजना सुरू झाली. ती एकरकमी भरपाईच्या वर नियमित रक्कम देते. दिशा योग्य आहे, पण ती व्हिएतनामसारखी सर्व उद्योगांना लागू असलेली सक्तीची योजना नाही.

तरीही व्हिएतनामचा कामगार या विम्यावर खूश असतो असे समजू नये. मार्च २०१५ च्या अखेरीस हो ची मिन्ह शहरातल्या पोउ युएन या बुटांच्या कारखान्यात हजारो कामगारांनी काम बंद केले. त्याचे कारण पगार हे नव्हते. नव्या सामाजिक विमा कायद्यात नोकरी सोडल्यावर विम्याचे पैसे एकरकमी काढून घेण्याची सोय बंद होणार होती, आणि त्यांना ती हवी होती. सरकारला माघार घ्यावी लागली. पस्तिशी-चाळिशीत डोळे आणि बोटे मंदावली की शिलाईची लाइन सुटते. निवृत्तिवेतनासाठी तेव्हा वीस वर्षे हप्ते लागत होते. तोवर थांबणे शक्य नाही हे कामगारांना ठाऊक होते. १ जुलै २०२५ पासून ही अट पंधरा वर्षांवर आली आहे आणि नव्याने विम्यात येणाऱ्यांसाठी एकरकमी रक्कम काढण्यावर मर्यादा आल्या आहेत. म्हणून त्या ६२ डॉलरना पूर्ण पगारासारखे धरणेही चूक आणि शून्य धरणेही चूक. बाळंतपण, आजारपण आणि अपघात यांचा भाग कामगाराला आजच उपयोगी आहे. निवृत्तीचा भाग किती उपयोगी पडेल, हे ती लाइनवर किती वर्षे टिकते यावर आहे.

रजांच्या बाबतीत २०२४ मध्ये कागदावर बांगलादेश पुढे होता: १० दिवस नैमित्तिक, १४ दिवस आजारपणाची, ११ सणाच्या आणि १८ कामाच्या दिवसांमागे एक अर्जित. व्हिएतनाममध्ये वार्षिक १२ आणि सार्वजनिक ११. मात्र गाझीपूरला नैमित्तिक रजा घेतली की बहुतेक ठिकाणी हजेरी बोनस जातो, त्यामुळे कायद्याने दिलेली रजा कामगार पैसे मोजून घेतो. कामाची परिस्थिती मोजताना हक्क लिहिलेला आहे का एवढेच विचारून भागत नाही. तो वापरल्यावर चिठ्ठीतून काय कापले जाते, हेही विचारावे.

दर किती वर्षांनी बदलतो

बांगलादेशातल्या या उद्योगाच्या किमान वेतनाची वर्षे: १९९४ मध्ये ९३० टका, २००६ मध्ये १,६६२.५०, २०१० मध्ये ३,०००, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,०००, २०२३ मध्ये १२,५००. पहिल्या दोन आकड्यांत बारा वर्षांचे अंतर आहे. नंतरच्या प्रत्येक वाढीआधी रस्त्यावरचा संघर्ष आहे, आणि ते साहजिक आहे. पाच वर्षांतून एकदाच दार उघडत असेल, तर सगळा जोर त्याच वेळी लागणार.

२०१८ च्या डिसेंबरात ८,००० टका म्हणजे ९५ डॉलर होते. २०२३ च्या ऑक्टोबरात तेच ८,००० म्हणजे ७३ डॉलर. टका घसरला, महागाई चढली, आणि नव्याने येणाऱ्या हेल्परचा दर तिथेच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये १२,५०० म्हणजे ११३ डॉलर झाले. ५६ टक्के वाढ झाली असे छापून आले, पण पाच वर्षांपूर्वीच्या ९५ डॉलरशी ताडले तर १९ टक्के. डॉलरमधली ही घसरण परदेशी खरेदीदाराच्या फायद्याची असते, कारण तो डॉलरमध्ये पैसे मोजतो. कामगार तांदूळ, मसूर आणि खोलीचे भाडे टकांत मोजतो. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशची महागाई ११.६६ टक्के होती आणि अन्नधान्याची १४.१०.

व्हिएतनाममध्ये पहिल्या विभागाचा दर २०२० मध्ये ४४ लाख २० हजार, जुलै २०२२ मध्ये ४६ लाख ८० हजार, जुलै २०२४ मध्ये ४९ लाख ६० हजार आणि जानेवारी २०२६ पासून ५३ लाख १० हजार डोंग. वाढ लहान असते, करोनाच्या काळात ती थांबलीही होती, पण महागाई २०२३ मध्ये सव्वातीन आणि २०२४ मध्ये ३.६ टक्क्यांच्या आसपास राहिल्यामुळे दर फार मागे पडला नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांकानुसार बदलतो. अशी जोडणी बांगलादेशच्या वेतनरचनेत नाही. आमच्या मते १२,५०० की २३,००० या वादापेक्षा ही जोडणी मिळवणे जास्त मोलाचे ठरले असते.

मालकाचा युक्तिवाद: मिनिटाची किंमत

कारखानदार पगाराकडे महिन्याने पाहत नाही. तो मिनिटाने पाहतो. प्रत्येक कपड्याची शिलाईची प्रमाण मिनिटे काढलेली असतात. साधा टी-शर्ट समजा ७ मिनिटांचा. लाइनची कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर त्या ७ मिनिटांच्या कामाला प्रत्यक्ष १४ मिनिटे लागतात. ७० टक्के असेल, तर १०.

वरच्या महिन्यात कामाची मिनिटे १३,९८०. गाझीपूरला मिनिटाचा खर्च ०.९३ सेंट, बिन्ह दुओंगला २.०९. गाझीपूरच्या लाइनला ५० टक्के आणि बिन्ह दुओंगला ७० टक्के धरले, तर टी-शर्टमागे मजुरी १३ आणि २०.९ सेंट. गाझीपूरला मशीनमागे हेल्पर जास्त असतात. समजा ३० मशीनवर १०, आणि तिकडे ३० वर २. मग आकडे १७.३ आणि २२.३ सेंट होतात. महिन्याच्या खर्चातला २.२५ पट फरक कपड्यावर येईपर्यंत १.२९ पट उरतो, पाच सेंटचा. (सगळ्यांना हेल्परचाच पगार धरलेला आहे, आणि कार्यक्षमता व हेल्परची संख्या ही गृहीते आहेत. प्रत्यक्ष कारखान्यात ती मोजूनच घालावीत.)

इथे एक चूक फार वेळा होते. काही कारखाने कार्यक्षमता काढताना हेल्पर भाजकात धरतात, काही फक्त ऑपरेटर धरतात. पहिल्या प्रकारच्या आकड्यावर हेल्परचा गुणक पुन्हा लावला, तर तेच माणूसबळ दोनदा मोजले जाते आणि गाझीपूर आहे त्याहून अकार्यक्षम दिसते. कार्यक्षमतेचा आकडा हातात आला की भाजकात कोण कोण आहे, हे आधी विचारावे.

आणि ५० टक्के कार्यक्षमता कामगाराच्या हातामुळे येत नाही. कापड उशिरा येते, धागा किंवा लेबल कमी पडते, दिवसातून दोनदा स्टाइल बदलते, वीज जाते, जनरेटर चालू होईपर्यंत लाइन बसून राहते. स्वस्त हेल्पर मिळत असेल, तर धागा आपोआप कापणारी मशीन घ्यायला मालकाला घाईही नसते. कमी पगारामुळे कमी उत्पादकता टिकून राहते, असे म्हणायला इथे पुरेसा आधार आहे. 'आधी उत्पादकता वाढवा, मग पगार मागा' हे म्हणणे म्हणूनच पटत नाही. ज्या गोष्टींनी उत्पादकता वाढते त्या मालकाच्या हातात आहेत, हेल्परच्या नाहीत.

चिठ्ठीबाहेरचे

सुरक्षेत बांगलादेशने एका दशकात मोठा पल्ला गाठला, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवे. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड आणि संघटनांमध्ये झालेल्या बंधनकारक करारामुळे, म्हणजे 'अकॉर्ड'मुळे, इमारत, आग आणि वीज यांची तपासणी होऊन दुरुस्त्या झाल्या. कुलूप लागणारे बाहेरचे दरवाजे काढले गेले, अग्निरोधक दारे बसली, वरच्या मजल्यांवरचा साठा हलवला गेला. २०२० पासून हे काम देशातल्याच आरएससी या संस्थेकडे आहे. मात्र ही तपासणी निर्यातदार कारखान्यांपुरती आहे. उपकंत्राटावर चालणाऱ्या लहान युनिटमधला कामगार तिच्या बाहेर राहतो आणि १२,५०० ची हमीही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

संघटनेचा हक्क दोन्हीकडे अपुरा आहे, पण वेगळ्या रीतीने. बांगलादेशात अनेक महासंघ आहेत. नोंदणीसाठी २०१८ च्या दुरुस्तीने २० टक्के कामगारांची अट होती, आणि त्या सह्या गोळा होईपर्यंत पुढाकार घेणाऱ्यांची नावे मालकाकडे पोचलेली असत. औद्योगिक पोलीस ही स्वतंत्र शाखा २०१० पासून आहे. व्हिएतनाममध्ये सरकारमान्य महासंघ एकच. संप होतात ते जवळजवळ सगळे त्याला बाजूला ठेवून. पण संप झाला की स्थानिक प्रशासन येऊन मालकाशी बोलते आणि बऱ्याचदा काहीतरी पदरात पडते.

राहण्याची जागा दोन्ही ठिकाणी पगारातला मोठा वाटा खाते. गाझीपूरला पत्र्याच्या ओळीतली एक खोली, चूल आणि संडास पाच-सहा कुटुंबांत मिळून. वेतनवाढ जाहीर झाली की घरमालक पुढच्या महिन्यापासून भाडे वाढवतात. बिन्ह दुओंगला भाड्याच्या चाळवजा खोल्या बऱ्या असतात, पण बाहेरगावच्या कामगाराला घरमालक वीज सरकारी दराहून महाग लावतो, आणि निवासनोंदणी नसली तर मुलाला सरकारी शाळेत जागा मिळवताना अडचण येते. म्हणून कित्येक जण मूल गावी आजी-आजोबांकडे ठेवतात. गावी पाठवायचे पैसे आणि खोलीचे भाडे वजा केल्याशिवाय 'हातात पडलेला पगार' पुरा होत नाही. क्रयशक्तीच्या तयार गुणकांनी हे काम भागत नाही, कारण त्यांच्या टोपलीत मोटारीपासून विमानप्रवासापर्यंत सगळे असते आणि हेल्परच्या टोपलीत तांदूळ, तेल, भाजी आणि भाडे.

१२,५०० नंतर

डिसेंबर २०२४ मध्ये, आशुलियातल्या आंदोलनांनंतर, बांगलादेशात वार्षिक वाढ ५ टक्क्यांवरून ९ टक्के करण्यात आली. ही वाढ मूळ वेतनावर आहे. ६,७०० चे ७,३०३ होतात, घरभाडे त्याच्या निम्मे, ३,६५१.५०. वैद्यकीय, प्रवास आणि जेवण तेच २,४५०. एकूण १३,४०४.५०. जाहीर झाले ९ टक्के, चिठ्ठीवर आले ७.२, आणि त्या महिन्याची महागाई १०.८९ टक्के होती. ओव्हरटाइमचा तास ७०.२२ टका झाला, साधा तास ६४.४४. शिवाय ही वाढ कारखान्यात आधीपासून असलेल्यांनाच मिळते. नवी आलेली हेल्पर १२,५०० वरच सुरू करते. ज्या जुन्या कामगाराने कारखाना बदलला, तिला वाढलेला पगार नव्या ठिकाणी नव्याने मागून घ्यावा लागतो, आणि मालकाने तो दिलाच पाहिजे असे कुठल्याही दरपत्रकात लिहिलेले नाही.